न विचारता शिवलेलं

मास्तरांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलण्यापेक्षा जरा बरं, इतकंच. भिंत मान हलवत नाही, मास्तर हलवतात. बायकांचे कपडे शिवणारा हा माणूस. ओठांच्या कोपऱ्यात सदानकदा चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे हो म्हणायचं तरी नाकातून आणि नाही म्हणायचं तरी नाकातून. "मास्तर, शुक्रवारी मिळेल ना नक्की?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की उत्तर ठरलेलं, "हूं." आता हा हूं या शुक्रवारचा की पुढच्या, हे सांगू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको. ती होती म्हणून दुकान चाललं. नाहीतर मास्तरांनी झकास कपडे शिवले असते आणि ते कुणाचे हे विचारायची लाज वाटून तसेच टांगून ठेवले असते.

सगळा रस्ता तिला वहिनी म्हणायचा. पाटीवर नाव मास्तरांचं, पण दुकान वहिनींचं, यात कुणाला शंका नव्हती. काउंटरमागे उंच स्टुलावर बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला फैलावर घ्यायच्या. "हा पिवळा तुला शोभत नाही गं. उगाच महिनाभर आजारी असल्यासारखी दिसशील," असं तोंडावर सांगायच्या. बाई फणकाऱ्याने निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे दुसरं कापड घेऊन यायची. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाचा नवरा घरी बसलाय, हे सगळं पोटात. एकीचं दुसरीला कधी कळलं नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात जाड हिरवा पडदा होता. पडद्याआड एक आरसा, एक स्टूल आणि पर्स अडकवायला खिळा. मापं तिथे घेतली जायची आणि ती वहिनीच घ्यायच्या. आतून आकडे ओरडून सांगायच्या, बाहेर मास्तर लिहून घ्यायचे. आत काय बोलणं चालतं, कोण हसतं, कोण मधेच गप्प होतं, याच्याशी मास्तरांना काही देणंघेणं नव्हतं. "पडद्याआड माझं राज्य," वहिनी म्हणायच्या आणि मास्तरांना सुटल्यासारखं वाटायचं. बायकांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि धंदा कुठला, तर बायकांच्या कपड्यांचा. घ्या!

या दोघांच्या संसारात प्रेमबीम असे शब्द कधी उच्चारले गेले असतील, असं वाटत नाही. मास्तरांची पद्धत वेगळी होती. एखादं कापड आवडलं की गुपचूप बाजूला काढायचे, माप न घेता, काही न विचारता बायकोसाठी ड्रेस शिवायचे आणि वरच्या खोलीत कपाटाच्या दाराला अडकवून ठेवायचे. वहिनी तो घालून आरशासमोरून एक चक्कर मारायच्या आणि म्हणायच्या, "बरा झालाय." त्या "बरा"वर मास्तर आठवडाभर हवेत असायचे. असे इतके ड्रेस झाले होते की कपाटाचं दार लावायला खांदा लावावा लागे.

तर अशा या घरात एके सकाळी वहिनी लोखंडी जिना उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "अहो, कात्री खाली ठेवा जरा."

मास्तरांनी ठेवली. वहिनींच्या आवाजात काहीतरी होतं.

"मला इथे गाठ लागतेय. आंघोळ करताना कळलं. बरेच दिवस झाले."

पुढचे काही दिवस तपासण्यांत गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. कॅन्सर आहे. डावा स्तन पूर्ण काढावा लागेल, मग औषधांचा कोर्स. लवकर सापडलंय, हे चांगलं आहे, पण आत्ताच हमी देता येणार नाही. वहिनींनी धडाधड प्रश्न विचारले. किती दिवस राहावं लागेल, केस जातील का, दुकानात कधी बसता येईल, घरी कुणाला सांगायचं आणि कसं. मास्तरांनी एकच विचारला, "केवढी आहे?"

डॉक्टरीणबाईंनी सेंटिमीटरमध्ये सांगितलं. मास्तरांनी मनातल्या मनात इंच केले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कोटाला लावायची मोठी काळी बटणं असतात ना, तेवढी. घरी आल्यावर त्यांनी त्या बटणांचा डबा मागच्या फळीवर, अस्तराच्या ताग्यांमागे ढकलून दिला.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"काही होत नाही," मास्तर म्हणाले. "सगळं नीट होईल." आणि खाली जाऊन मशीनला तेल घालत बसले. मशीनला कालच तेल घातलं होतं.

काही होत नाही, म्हणे! झालं होतं की ढळढळीत. पण अशी माणसं असतात. घराला आग लागली तरी म्हणतील, जरा उकडतंय. मास्तरांना तर जेवण जात नव्हतं, कापड कापताना दोन बाह्या वाया गेल्या. पण बायकोसमोर घाबरायचं नाही, आपण हललो तर ती कोसळेल, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. कुणी सांगितलं होतं त्यांना असं? कुणीच नाही. स्वतःच ठरवलं. विचारलं कुणाला? तेही नाही.

ऑपरेशन झालं. वहिनींची थोरली बहीण, तिला सगळेच ताई म्हणत, ती येऊन राहिली. दुपारची ती हॉस्पिटलात बसायची आणि मास्तरांना घरी पिटाळायची. "जा, जरा पडा जाऊन. चेहरा बघा काय झालाय. तुम्हाला बघून पेशंट कोण, तेच कळत नाही लोकांना."

मास्तर घरी आले ते टॉवेल न्यायला म्हणून. कपाट उघडलं. समोर ते सगळे ड्रेस ओळीने टांगलेले, एकेक त्यांच्या हातचा. आणि मास्तरांची नजर म्हणजे काय, कापड बघितलं की त्यात माणूस दिसायचा. त्यांना दिसलं की यातला एकही आता डाव्या बाजूला नीट बसणार नाही. कापड लोंबेल, झोल येईल. लोक बघतील. तिथेच पलंगावर बसले.

पण मग हळूहळू काय झालं, की त्यांना हायसं वाटायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा समोर असं काहीतरी आलं होतं, जे त्यांना करता येत होतं. गाठ त्यांना कळत नव्हती, औषधं कळत नव्हती, बायकोशी काय बोलावं तेही कळत नव्हतं. झोल मात्र कळत होता. त्यांनी हाताला येतील तेवढे ड्रेस उचलले आणि जिना उतरले.

त्या दुपारी आणि नंतरच्या सगळ्या दुपारी मास्तर शिवत होते. डावी शिवण उसवायची, अस्तर सोडवायचं, आत मऊ कापसाची गादी बेतून हातटाक्यांनी बसवायची आणि वरून परत टीप घालायची. काम असं झालं, की जाणकारानेसुद्धा हात लावून बघितलं असतं तरी फसला असता. एकही ड्रेस सोडला नाही त्यांनी. आता काही वाया जात नव्हतं. हॉस्पिटलात संध्याकाळी जाताना ते चक्क शीळ घालत होते, असं शेजारचा चष्मेवाला सांगतो.

वहिनी घरी आल्या. ताई चहा टाकायला गेली आणि वहिनींनी कपडे बदलायला कपाट उघडलं. मास्तर दारात उभे. निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. वहिनींनी त्यांचा आवडता निळा ड्रेस काढला, अंगाला लावून बघितला, आणि त्यांचा हात थबकला. शिंप्याची बायको ती. तिच्या बोटांपासून काय लपणार? त्यांनी ड्रेस उलटा केला.

"हे काय?"

"गादी," मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी शब्द अडखळला. "मऊ आहे. धुतली तरी गोळा होणार नाही. बाहेरून कळत नाही बघ अजिबात."

"सगळ्यांना लावलीत?"

"सगळ्यांना."

"या निळ्यालाही?"

"त्याला तर सगळ्यात आधी."

वहिनी पलंगावर बसल्या. ड्रेस मांडीवर तसाच उलटा पडलेला.

"तिथे एक एवढीशी नर्स होती," त्या म्हणाल्या. "सुई टोचायच्या आधी विचारायची, टोचू का? पट्टी सोडायच्या आधी विचारायची, सोडू का? तिची माझी ओळख ना पाळख. आणि तुम्ही? मी तिकडे पडलेय, मला धड शुद्ध नाही, आणि इकडे माझं अख्खं कपाट उसवून शिवून मोकळे झालात! मी अजून आरशात बघितलेलं नाहीये स्वतःला. बघायचं धाडस होत नाहीये. आणि तुम्ही झाकूनसुद्धा टाकलंत?"

वहिनींनी गादीवर बोट ठेवलं.

"कुणाला दिसू नये म्हणून केलंत हे? लोकांना? का तुम्हाला?"

मास्तरांनी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाआम्हाला सहज सुचेल. घरी बसून सगळ्यांनाच सुचतं. मास्तर म्हणाले, "हूं?" आणि वहिनींनी ड्रेस बाजूला ठेवून तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसापासून खोलीच्या दाराला आतून कडी लागू लागली. पट्टी बदलायची, कडी. कपडे बदलायचे, कडी. आत फक्त ताई. वहिनी बोलायच्या मास्तरांशी, नाही असं नाही. दूध उतू जातंय, बेल वाजतेय, असलं. पण ज्या बाईचं तोंड दिवसभर बंद नसायचं, तिने मोजून बोलायला लागावं, म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. आणि त्याहून भारी गोष्ट पुढेच. कपाट ओसंडून वाहत असताना वहिनी मास्तरांचे जुने ढगळ शर्ट घालून बसायला लागल्या. ज्याच्या हातचा ड्रेस मिळावा म्हणून बायका महिनामहिना थांबतात, त्याची बायको पुरुषाच्या शर्टात! मास्तरांना ते थेट काळजात लागलं. माझ्या हातचं अंगाला नको झालंय हिला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

औषधांचा कोर्स सुरू व्हायचा होता. तारीख मिळाल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दुकान बघा. ताई येईल माझ्याबरोबर."

आजाराची भीती मास्तरांना होतीच. आता तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. ही बाई माझ्या घरात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत आहे, आणि मला तिच्या जवळ जाता येत नाही. उद्या काही बरंवाईट झालंच, तर ती अशी, दाराला कडी लावूनच जाईल. हे मनात आलं की मास्तर हातातलं काम टाकून जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहायचे.

मग त्यांनी काय करावं? जे येतं तेच. एका दुपारी वहिनी झोपलेल्या असताना त्यांनी ताईकडून निळा ड्रेस मागून घेतला, खाली आणला, टेबलावर उलटा पसरला आणि उसवायला घेतला. सगळे उसवून टाकू. होते तसे करू. मग तरी राग जाईल. पहिला टाका तुटला आणि दुकानाचं दार उघडलं.

शाळेतल्या गाण्याच्या बाई आल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. वहिनींचं कळलं म्हणून आल्या होत्या. बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली. उसवलेल्या शिवणीतून कापूस डोकावत होता.

"हा वहिनींचा ना?"

मास्तरांनी मान हलवली.

"त्यांनी उसवायला सांगितलाय?"

मान आडवी.

"मग शिवायला सांगितला होता का?"

मान परत आडवी. गाण्याच्या बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"मास्तर, त्या टाचण्या काढा हो तोंडातून. ऐकायला तोंड लागत नाही, पण मला बघून भीती वाटते." मास्तरांनी काढल्या. "तुम्ही इतकी वर्षं माझे कपडे शिवताय. माझी डावी बाजू नाहीये, माहीत होतं तुम्हाला?"

मास्तरांना आठवलं ते इतकंच, की बाईंचं काम आलं की वहिनी म्हणायच्या, ही बाजू राहू द्या, मी हाताने करते.

"सांगितलं नाही ना त्यांनी? वाटलंच मला. मी पहिल्यांदा आले तेव्हा त्या पडद्याआड नुसती रडत उभी होते. वहिनींनी टेप गळ्यात घातला होता, पण हात लावला नाही. म्हणाल्या, 'लावू का टेप?' मी म्हटलं, नको. म्हणाल्या, 'बरं. मग आज चहा पिऊ.' दोनदा तसाच चहा पिऊन परत गेले मी. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, लावा. गादी हवी का नको, केवढी, कुठल्या कपड्याला, सगळं मी सांगितलं आणि त्यांनी केलं. एक शब्द जास्त नाही बोलल्या. आणि त्यांना गप्प राहायला किती कष्ट पडत असतील, ते तुम्हाला माहितीये."

मास्तर हसले नाहीत, पण ओठ हलले.

"ती तर माझे शर्ट घालते हल्ली," ते एकदम बोलून गेले. का कोण जाणे. "माझ्या हातचं नको म्हणून."

"अहो, हात वर होत नाही!" गाण्याच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "ऑपरेशननंतर कितीतरी दिवस हात खांद्याच्या वर जात नाही. तुमचे हे सगळे डोक्यावरून घालायचे. त्या कशा घालणार? शर्ट पुढून उघडतो, म्हणून घालतात. तुम्ही ना, मास्तर, बाहेरून कसं दिसेल तेवढं बघितलंत."

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ निळ्या ड्रेसकडे बघत बसले. आपण परत तेच करायला निघालो होतो, न विचारता शिवलं आणि आता न विचारता उसवतोय, हे त्यांच्या डोक्यात लख्ख शिरलं, आणि स्वतःचीच अशी चीड आली म्हणता. त्यांनी ड्रेसची घडी केली, वर गेले आणि बंद दारावर टकटक केली.

"उसवू का?" त्यांनी विचारलं.

आतून वहिनींचा आवाज आला, "काय?"

"ड्रेस. गादी काढू का? का राहू देऊ? का थोड्यांची काढू? तू सांगशील तसं."

कडी निघाली नाही.

"आज नाही सांगत," वहिनी म्हणाल्या.

"बरं," मास्तर म्हणाले आणि खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "हूं"ऐवजी "बरं" म्हटलं होतं. आणि चहा प्यायचा असतो हे आठवून चहा करून दाराशी नेऊन ठेवला.

आता इतकं कळल्यावर माणसाने थांबावं की नाही? पण मास्तरच ते. विचारायचं म्हटल्यावर त्यांनी विचारण्याचा नुसता सपाटा लावला. पाणी देऊ का? खिडकी उघडू का? उघडली ती लावू का? इथे बसू का? उठू का? ताई तर वैतागून आपल्या घरी निघून गेली, औषधाच्या दिवशी येते म्हणाली. शेवटी एका सकाळी मास्तरांनी विचारलं, "बिस्किट बशीत ठेवू का हातात देऊ?" आणि वहिनींचा बांध फुटला.

"अहो, मी काय गिऱ्हाईक आहे का?" त्या हसत सुटल्या. हसता हसता डाव्या बाजूला कळ आली, तिथे हात दाबून धरला, तरी हसतच होत्या. "बायकोला पाणी विचारून देतात का? आणून ठेवतात!"

"आणि कपडे?"

"कपडे विचारायचे."

"हे माणसाला कळायचं कुठून?" मास्तर कळवळून म्हणाले. "कुठलं विचारायचं, कुठलं नाही, पाटी लावलीये का कुठे?"

"तेही विचारायचं," वहिनी म्हणाल्या, आणि बिस्किट हातातच घेतलं. दाराला मात्र कडी लागतच राहिली.

औषधाचा पहिला दिवस उद्यावर आला. दुपारची वेळ, रस्ता सुस्तावलेला. मास्तर अस्तर बेतत होते. जिन्यावर पावलं वाजली. वहिनी एकेक पायरी धरून खाली येत होत्या, अंगात मास्तरांचा राखाडी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच दुकानात उतरत होत्या. मास्तर आधाराला धावले, मधेच थांबले, धरू की नको याचा चेहऱ्यावर गोंधळ. वहिनींनीच त्यांचा खांदा पकडला. मग दुकानाचं दार आतून लावलं, खुंटीवरचा टेप घेऊन मास्तरांच्या हातात दिला आणि पडदा सारून आत गेल्या.

"या," आतून आवाज आला.

"कुठे?"

"इथे. कुठे काय?"

"आत येऊ?"

"अहो, या म्हटलं ना!"

मास्तर आत गेले. इतकं लहान असेल ते, असं त्यांना वाटलं नव्हतं. दोघं उभी राहिली की आरसा, स्टूल आणि श्वास घ्यायची जागा, बस्स.

"उद्या मला तिथे तासन्‌तास बसायचंय," वहिनी म्हणाल्या. "पुढून उघडणारं काहीतरी शिवून द्या. गळ्याशी सैल ठेवा, तिथे ते नळी लावणारेत. हात वर न करता घालता आलं पाहिजे. गादी नको. कपाटातल्यांचं नंतर बघू, काहींना राहू दे, काहींची काढू, मी सांगेन एकेकाचं. आणि माप घेऊन शिवा. आता तुमच्या अंदाजाने नाही बसायचं."

त्यांनी शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. बोटं सावकाश चालत होती. शेवटचं बटण निघालं आणि त्यांनी शर्ट खांद्यावरून खाली सोडला. आरशाकडे बघितलं नाही, मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. टक लावून.

मास्तरांनी बघितलं. छातीच्या डाव्या बाजूला सपाट, काखेपर्यंत गेलेली तिरपी रेघ, अजून लालसर, कडेला टाक्यांच्या खुणा. क्षणभर ते शिंपी होते. टाके सारखे पडलेत, डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. मग ते शिंपी राहिले नाहीत. ही तिची कातडी होती. तिला हे दुखलं होतं.

"लावू का टेप?" त्यांनी विचारलं.

"लावा."

त्यांनी टेप पाठीमागून फिरवून पुढे आणला, दोन्ही टोकं जुळवली, आणि आकडा वाचायला वाकले. आकडा दिसेना. डोळे पुसले, तरी दिसेना. वहिनी थांबल्या. बोलायला जीभ नुसती वळवळत असणार, पण नाही बोलल्या.

"मला भीती वाटते गं," मास्तर म्हणाले. टेप तसाच धरलेला, मान खाली. "डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून वाटते. तू जाशील, याची. हे मला बघवणार नाही म्हणून नाही लावल्या गाद्या. तू परत आलीस, की सगळं होतं तसं आहे असं व्हावं, म्हणून लावल्या. काही झालंच नाही असं. मला दुसरं काही करता येत नव्हतं. मला काहीच कळत नाही, तू नसलीस तर मी काय करू, मला गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलता येत नाही." आणि हा भिंतीसारखा माणूस बायकोच्या उघड्या खांद्यावर कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागला.

वहिनींनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. डावा जितका वर जात होता तितका वर नेला आणि त्यांच्या कोपराशी धरला.

"इतके दिवस मला वाटत होतं, या घरात घाबरलेली मी एकटीच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपले सगळं नीट होईल, सगळं नीट होईल. मला वाटलं, याला काहीच होत नाहीये. मग मी माझी भीती कुणापाशी काढू? ताईपाशी काढली तर ती माझ्या आधी रडते."

मग दोघंही रडली. पुरेशी रडली. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, हाक मारली, वाट बघून निघून गेलं.

बऱ्याच वेळाने वहिनींनी शर्ट खांद्यावर ओढून घेतला. मास्तरांनी नाक पुसलं, टेप परत लावला, या वेळी आकडा दिसला. तो त्यांनी मोठ्याने वाचला.

"उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर," बटणं लावता लावता वहिनी म्हणाल्या. "ताईला येऊ नकोस म्हणून कळवलंय."

"कधी कळवलंस?"

"सकाळीच."

मास्तरांनी चमकून वर बघितलं. सकाळी तर ते नेहमीसारखे खाली मान घालून बसले होते, एक शब्द बोलले नव्हते.

"मला विचारलं नाहीस?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "यात तुम्हाला विचारायचं काय?"